आषाढात मेली, आश्विनात वाळली

घटस्थापनेच्या दिवशी परसातल्या दगडी गडग्यालगतच्या पाच जास्वंदींपैकी सर्वांत खालच्या जास्वंदीची अठरा फुले मी देवीला वाहिली होती. तिसऱ्या माळेला सकाळी परडी घेऊन गेले, तेव्हा त्याच झाडाच्या कळ्यांनी माना टाकल्या होत्या आणि पाने हिरवीच असूनही उकळत्या पाण्यातून काढल्यासारखी लोंबत होती. आदल्या रात्री वारा नव्हता, ढोरे आत शिरली नव्हती, पानांवर कीड नव्हती. दसऱ्यापर्यंत ते झाड उभ्याउभ्या वाळले. पाने पिवळी पडून गळलीसुद्धा नाहीत, ती हिरवट-करड्या रंगाची होऊन फांदीलाच चिकटून राहिली आणि हात लावला की चुरा होऊ लागली. कोजागरीच्या आत त्याच्या वरचे, म्हणजे चौथे झाड त्याच वाटेने गेले आणि तिसऱ्याची पाने दुपारी मलूल होऊ लागली.

ही झाडे माझ्या सासूबाईंनी लावलेली, साध्या तांबड्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदीची. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, तीन माड मुळासकट उपटले गेले, घरावरची कौले उडाली. त्या दिवशी खाऱ्या वाऱ्याने जास्वंदींची समुद्राकडची सगळी पाने भाजल्यासारखी काळी पडली होती. तेव्हाही वाटले होते की आता संपले. पण महिन्याभरात त्या पुन्हा पालवल्या, कारण भाजली होती ती पाने, मुळे शाबूत होती. चाळीस पावसाळे आणि एक चक्रीवादळ सोसलेल्या झाडांनी अगदी निवांत, निरभ्र आश्विनात आठ दिवसांत प्राण सोडावा, हे मला काही केल्या पटेना.

शेजारीपाजारी ज्याने त्याने आपापले निदान केले. कोणी दृष्ट लागली म्हणाले, कोणी ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका म्हणाले, आणि बहुतेकांनी वाळवीवर ठपका ठेवला. कोकणात मेलेले झाड उपटले की बुंध्यात वाळवी सापडणारच, त्यामुळे तिला आरोपी करणे सोपे असते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा मेलेल्या लाकडावर नंतर आलेली पाहुणी असते. मी स्वतः जे केले ते या सर्वांहून वाईट होते. झाड सुकते आहे म्हणजे त्याला पाणी हवे, असा सरळ हिशेब करून मी चौथ्या आणि तिसऱ्या झाडाला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन कळश्या पाणी घातले, आणि वर ताकद यावी म्हणून मूठभर युरियाही टाकला. तो युरिया आठवला की मला अजून शरम वाटते.

आमच्या पोफळींवर दर पावसाळ्याच्या तोंडाला फवारणी करायला येणारे एक तात्या आहेत. ते पडलेल्या झावळ्या न्यायला आले होते. त्यांनी वाळलेल्या झाडाकडे पाहिलेच नाही; ते थेट सुकू लागलेल्या तिसऱ्या झाडापाशी बसले, बुंध्याजवळची मूठभर माती उचलून त्यांनी हातात दाबली, तिचा घट्ट लाडू झाला आणि बोटांच्या फटीतून पाणी आले. "वैनी, ह्याला तहान नाय लागलेली. ह्याचं तोंडच कुजलंय," एवढे बोलून त्यांनी कुदळ मागितली.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिले ते सविस्तर सांगते, कारण झुडूप अचानक सुकले तर कोणालाही घरच्या घरी एवढे पाहता येते आणि दुकानातून औषधाची बाटली आणण्याआधी ते पाहायलाच हवे. आधी त्यांनी बुंध्याभोवतीची माती हाताने दूर केली. जमिनीच्या मूळ पातळीच्या वर चार बोटे माती चढलेली होती आणि तिच्याखाली दबलेली साल ओलसर, काळपट झाली होती. कोयतीच्या टोकाने ती साल खरवडली, तर जिथे हिरवी-पांढरी ओली साल दिसायला हवी होती तिथे चॉकलेटी रंगाचा डाग होता, आणि तो खालून वर जिभेसारखा निमुळता होत गेला होता. डागाच्या कडेपलीकडे मात्र साल ताजी होती. मग त्यांनी एक बारीक मूळ माझ्या हातात देऊन ओढायला सांगितले. मुळाची साल मोज्यासारखी सुटून माझ्या चिमटीत राहिली आणि आत सुतासारखा गाभा उघडा पडला. चांगले मूळ असे सुटत नाही, ते पांढरे, टणक असते आणि मोडल्यावर कट्कन आवाज करते. बुडाकडची एक फांदी आडवी छाटून पाहिली, तर आतले लाकूड स्वच्छ होते. हीही महत्त्वाची खूण आहे, कारण फ्युजेरियमसारख्या बुरशीने होणाऱ्या मर रोगात सालीखालच्या लाकडात तपकिरी वलय किंवा रेघा दिसतात. बुंध्याशी पांढऱ्या धाग्यांची जाळी आणि त्यात मोहरीच्या दाण्यांएवढे तपकिरी गोळे सापडले असते, तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी ठरली असती. मुळांवर गाठी असत्या, तर सूत्रकृमींकडे, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांकडे, बोट दाखवता आले असते. यांपैकी काहीच नव्हते. होती ती निव्वळ मूळकूज, आणि ती बुंध्यापर्यंत चढलेली.

तात्यांना तिचे शास्त्रीय नाव माहीत नव्हते, पण तिचे भावंड ते तीस वर्षे ओळखत होते. पोफळीच्या कच्च्या सुपाऱ्या पावसात कुजून गळतात, त्याला आपल्याकडे कोळेरोग म्हणतात. कोळे हा कानडी शब्द आणि त्याचा अर्थ कुजणे असाच आहे. तो रोग करणाऱ्या जिवाचे कुळ फायटोफ्थोरा. हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँतॉन द बारी यांनी १८७६ साली दिले आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वनस्पतींचा संहारक असा होतो. १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणारा जीव याच कुळातला, आणि काळ्या मिरीचा वेल आठ-पंधरा दिवसांत उभा वाळवणाराही याच कुळातला. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या जातकुळीतला नाही. त्याच्या पेशींची भिंत मुख्यतः कायटिनची नसून सेल्युलोज आणि तत्सम पदार्थांची असते आणि नात्याने तो पाण्यातल्या शेवाळांना अधिक जवळचा. म्हणूनच कार्बेन्डाझिमसारखी सर्रास विकली जाणारी बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत. आमच्या बाजारातल्या एका दुकानदाराने मला नेमकी तीच पुडी दिली होती, हे ओघाने सांगायला हवे.

या जिवाचे पाण्याशी असलेले नाते समजले आणि मग आश्विनातल्या त्या आठ दिवसांचा उलगडा झाला. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या दोन तंतूंनी पाण्यात चक्क पोहतात, आणि मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढत मुळांच्या टोकांपाशी येऊन चिकटतात. माती नुसती ओली असून त्यांचे भागत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असाव्या लागतात. त्याच वेळी पोकळ्यांमधली हवा निघून गेलेली असते, एक-दोन दिवसांत प्राणवायू संपतो आणि गुदमरलेले मूळ आधीच दुबळे झालेले असते. हे सगळे घडते आषाढ-श्रावणात. पण तेव्हा आभाळ झाकलेले असते, हवेत इतका दमट गारवा असतो की पानांतून पाणी फारसे उडतच नाही, आणि उरलेल्या थोड्याशा मुळांवरही झाडाचे भागून जाते. भाद्रपदात गणपतीला माझ्या जास्वंदी फुलांनी लगडल्या होत्या, तेव्हा त्यांची निम्म्याहून अधिक मुळे गेलेली असणार. मग पाऊस सरतो, आश्विनाचे ऊन पडते, पाने एकाएकी पाणी मागू लागतात, आणि खाली ते ओढायला कोणी उरलेले नसते. माझ्या जास्वंदी आठ दिवसांत वाळल्या खऱ्या, पण त्या मेल्या होत्या अडीच महिने आधी.

तरीही एक प्रश्न राहत होताच. कोकणचा पाऊस काही नवा नाही. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सासूबाईंच्या काळातही तेवढाच पडत होता. मग याच वर्षी असे का व्हावे? उत्तर झाडांच्या मरण्याच्या क्रमात होते, आणि ते मला चौथे झाड गेल्यावरच दिसायला हवे होते. घराकडून मोजले तर पहिले झाड सर्वांत उंचावर, पाचवे सर्वांत सखल जागी. आधी पाचवे गेले, मग चौथे, मग तिसरे आजारी पडले, दुसऱ्याची पाने किंचित निस्तेज झाली आणि पहिले ठणठणीत राहिले. जिथे पाणी जास्त दिवस उभे राहिले, तिथे झाड आधी गेले.

वादळात कौले उडाल्यानंतर आम्ही मागच्या पडवीवर आणि माजघरावर पत्रे घातले होते, आणि गेल्या मे महिन्यात त्या पत्र्यांना पन्हळ बसवली. पूर्वी पागोळ्या छपराच्या सगळ्या लांबीवर पडत आणि पाणी जागोजागी मुरून जाई. पन्हळीने ते सगळे एका कोपऱ्यात आणून एका पाइपाने गडग्याच्या पायाशी सोडले. आमच्या मागच्या छपराचे आडवे माप बारा मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साठ चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा शंभर मिलिमीटर पावसाच्या एका दिवसात त्या एका पाइपातून सहा हजार लिटर पाणी येते, म्हणजे दोनशे लिटरची तीस पिंपे. आषाढात असे दिवस अधूनमधून येतातच. आणि या पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. जांभ्याचा जुना गडगा चिऱ्यांवर चिरे रचून केलेला, त्याच्या फटींतून पाणी आपोआप निघून जाई. वादळानंतर तो ढासळलेला भाग बांधताना आम्ही सिमेंटमध्ये पक्का बांधून घेतला आणि गवंड्याला पाण्यासाठी भोक ठेवायला सांगितले नाही. आमच्या परसात दीड-दोन फूट तांबड्या मातीखाली सलग कातळ आहे, त्यामुळे खाली मुरायलाही जागा नव्हती. जास्वंदी एका उथळ टाक्यात उभ्या होत्या आणि ते टाके आम्हीच बांधले होते.

बुंध्यावर चढलेली चार बोटे माती हे आणखी एक घरचे कृत्य. पावसाळा संपला की आपल्याकडे अंगण नव्याने करतात, माती टाकून चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. त्या वेळी उरलेली माती कडेच्या झाडांच्या बुडाशी लोटायची, ही वर्षानुवर्षांची सवय. झाडाला भर घातली म्हणून आपल्याला बरेच वाटते. पण खोडाची साल हवेत राहण्यासाठी असते, तिला मुळाच्या सालीसारखे जमिनीत राहता येत नाही, आणि ओल्या मातीत दबली की ती मऊ पडून रोगाला दार उघडून देते.

तात्यांच्या निदानावर माझा विश्वास होता, तरी मी एक प्रयोग करून पाहिला. दोन टणक सफरचंदे आणली. दोन्हींना पेन्सिलीएवढे भोक पाडून एकात तिसऱ्या झाडाच्या मुळाजवळची माती आणि दुसऱ्यात पहिल्या झाडाजवळची माती भरली, थोडे पाणी घातले, वर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही माजघरात सावलीला ठेवली. सहाव्या दिवशी पहिल्या सफरचंदात भोकाभोवती तपकिरी वर्तुळ पसरले होते आणि तो भाग दाबून पाहिला तर टणकच होता. दुसरे जसेच्या तसे होते. मऊ, पाणचट कूज साध्या सडण्याची असू शकते, पण टणक तपकिरी कूज ही फायटोफ्थोराची जुनी ओळख आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची सर याला येत नाही. दापोलीला कृषी विद्यापीठ जवळ असताना नमुना तिथल्या तज्ज्ञांना दाखवणे केव्हाही अधिक बरे. ह्यांनी मात्र दोन सफरचंदे वाया घालवल्याबद्दल आठवडाभर मला ऐकवले.

उपायांपैकी सर्वांत मोठा उपाय औषधाचा नव्हता. गडग्याला तळाशी तीन ठिकाणी भोके पाडली, पन्हळीचा पाइप वळवून पाखाडीच्या बाजूला खणलेल्या आणि चिऱ्यांच्या ठिकऱ्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडला, आणि सगळ्या झाडांचे बुंधे मूळ पातळीपर्यंत मोकळे केले. पाणी पूर्ण बंद केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या फांद्या एक तृतीयांश छाटल्या, म्हणजे कमी मुळांवर कमी पानांचा भार पडेल. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसली. खत काहीही दिले नाही, कारण कोवळी फूट आली की पाण्याची मागणी वाढते. मेलेली दोन झाडे मुळांसकट काढून जाळली, शेणखताच्या खड्ड्यात टाकली नाहीत.

त्यानंतर बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्दो भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत; त्याच वेली रोगातून वाचलेल्या पाहून पिएर मिलार्दे यांनी १८८५ साली हे मिश्रण जगासमोर आणले. आपल्या पोफळीच्या बागा आजही त्याच्यावर तगून आहेत. एक टक्का मिश्रणासाठी शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरांत, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत, वेगवेगळे विरघळवायचे. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या ढवळलेल्या पाण्यात हळूहळू ओतत काठीने ढवळायचे. आभाळी निळा रंग आला की त्यात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, नाहीतर ते मिश्रण झाडाला भाजते. त्याच दिवशी वापरून संपवायचे. मी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी तीन लिटर ओतले. मेलेले मूळ त्याने जिवंत होत नाही, निरोगी राहिलेले वाचते. आणि मोरचुदातले तांबे मातीत साठत जाते म्हणून विहिरीजवळ दरवर्षी ओतणे मला योग्य वाटत नाही. मेटालॅक्झिल असलेले औषध झाडाच्या आत भिनते आणि या रोगावर चालते, पण पाणी तुंबत राहिले तर तेही फक्त थोडा अवधी मिळवून देते. शेणखतात वाढवलेले ट्रायकोडर्मा मी नंतर पंधरा-वीस दिवसांनी घातले, कारण ही उपयोगी बुरशी तांब्याच्या शेजारी टिकत नाही.

या निमित्ताने परसातली बाकीची झुडपेही नव्या नजरेने पाहिली गेली. न्हाणीजवळचा अनंत आणि पुढच्या दारची पिटकुळी (इक्झोरा) या दोघांची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या झाल्या होत्या. तो रोग नव्हे, नव्या सिमेंटमधून पाझरणाऱ्या चुन्याने माती अल्कधर्मी झाली आणि त्यांना लोह घेता येईना. अबोलीची कथा अधिक वाईट आहे. तिचे वाफेच्या वाफे मरतात, ते बहुधा फ्युजेरियम बुरशी आणि सूत्रकृमी यांच्या संगनमताने. सूत्रकृमी मुळाला जखमा करतात आणि बुरशी त्यांतून आत शिरते. तिथे बोर्डोचा उपयोग नाही. जागा बदलणे, निंबोळी पेंड घालणे आणि मेलेल्या वाफ्यात पुन्हा अबोली न लावणे एवढेच हातात असते. माझ्या अबोलीचा एक वाफा गेला, आणि त्याची रोपे मी ज्या रोपवाटिकेतून आणली होती तिथल्या पिशव्या दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या, हे मी आणतानाच पाहिले होते. आता रोप घेताना पिशवी आडवी करून मुळे पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. मोगऱ्याला काही झाले नव्हते. त्याला फक्त छाटणी हवी होती.

तिसरी जास्वंद वाचली नाही. कार्तिकात तिला दोन फुटवे आले, मला आशा वाटली, आणि महिन्याभरात तेही काळे पडले. दुसरी वाचली आहे. फाल्गुनात तिला एकाच अंगाने पालवी फुटली आणि दुसऱ्या अंगाच्या वाळक्या फांद्या मी बुडापासून कापून टाकल्या, त्यामुळे ती आता गडग्याकडे कललेली दिसते. पहिल्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा छाटण्या मार्गशीर्षात काथ्याच्या भुशात लावल्या होत्या, त्यांतल्या चार लागल्या. हे रोज विचारतात की गडग्याजवळच्या मोकळ्या जागेत त्या कधी लावणार. तिथल्या मातीत या रोगाचे जाड कवचाचे बीजाणू वर्षानुवर्षे दबा धरून राहतात, म्हणून तिथे नाहीच. विहिरीच्या वरच्या अंगाला हातभर उंचीचे चार वरंबे मी करून ठेवले आहेत. रोपे मात्र अजून पिशव्यांतच आहेत. आषाढातला पहिला मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन परसात उभे राहायचे, नव्या वाटेने पाणी कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी पाहायचे, आणि मग श्रावणात लागवड करायची, असे मी ठरवले आहे.